तांबडा ठिपका

अ‍ॅक्शन कॅमेरा मी घेतला तो लडाखसाठी. पन्नाशीला टेकलेल्या माणसाचं जे होतं ते माझंही झालं होतं. लोक मोटारसायकलवरून बर्फात जातात ते व्हिडिओ मोबाईलवर पाहत बसायचं आणि आपल्या पाठीला मणके आहेत हे विसरायचं. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाण्यात पडला तरी चालणारा, हेल्मेटवर बसणारा तो डबा मेडशीला आमच्या घरी आला तेव्हा बायकोनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे लावून तुमी कोठी जानार?"

"लडाखले."

"आधी जऊळक्याच्या टेसनावर जा अन् मह्या भावाले घेऊन या. गाडी याची वेळ झाली."

माझा लडाख तो असा झाला. कॅमेरा मी हेल्मेटवर जरा वर तोंड करून बसवला होता, त्यामुळे जातानाच्या सगळ्या व्हिडिओत आभाळ आहे आणि मधूनमधून विजेच्या तारा. येतानाच्या व्हिडिओतही आभाळच आहे, फक्त त्यात मागे बसलेल्या मेव्हण्याचा आवाज आहे: "भाऊजी, खड्डा. भाऊजी, खड्डा. भाऊजी, हा त पाह्यला असता." त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला, बीपी मोजायच्या मशीनच्या शेजारी.

तो बाहेर निघाला मायसाठी.

माझी माय तिफणीवर मूठ धरायची. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. बैल ते ओढतात. त्यावर एक लाकडाची वाटी बसवलेली असते, तिला चाडं म्हणतात. मागून चालणारी बाई ओटीतलं बियाणं मुठीत घेऊन त्या चाड्यात सोडत जाते आणि तीन नळ्यांतून ते तीन तासांत, म्हणजे मातीतल्या तीन ओळींत, पडतं. दिसायला काम एवढंच. पण दहा दिवसांनी कोंब वर आले की बाईचा हात सगळ्या गावाला दिसतो. हात घाईनं चालला तिथे दाटी होते, चुकला तिथे नांगे पडतात, म्हणजे तासात मोकळ्या जागा राहतात. मायच्या तासात नांगा शोधायला लोक मुद्दाम यायचे आणि बांधावर तंबाखू मळून परत जायचे.

आमचं मेडशीचं वावर आता ट्रॅक्टर पेरतो. पण माझी धाकटी बहीण दिली मानोऱ्याकडे, एका तांड्याच्या शेजारी. तिचं वावर टेकडीच्या अंगाला आहे. चढ, धोंडे, मध्येच नाली. ट्रॅक्टर तिथे चढत नाही, आणि एकदा चढला होता तर उतरत नव्हता. म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी मायला तिकडे न्यायचं, जावई बैल हाकणार, माय मूठ धरणार. हा आमच्या घरचा नेम. परवाच्या साली मी तिला नेलं तेव्हा कॅमेराही नेला. म्हटलं, बर्फ नाही तर नाही, टेकडी तर आहे.

कॅमेऱ्याचा पट्टा मी मायच्या डोक्याला बांधू लागलो तर ती मागे सरकली.

"बैलाले मोरकी घालतेत तशी मले कायले घालतं?"

"तुह्या हाताचा व्हिडिओ काढाचा हाय, माय."

"हाताचा? मंग डोक्याले कायले बांधतं?"

"डोक्यावरून हात दिसते."

"मले त डोयानं दिसते," ती म्हणाली, पण बांधून घेतलं. डोक्यावर पदर, पदरावर पट्टा, पट्ट्यावर कपाळाच्या मधोमध तो काळा डबा. जावई बैलांच्या पलीकडे तोंड करून हसत होता. बहीण उघड हसत होती.

मग मायनं नेहमीसारखी पूजा केली. तिफणीला हळदकुंकू, बैलांच्या कपाळाला हळदकुंकू, ओटीतल्या बियाण्याला चिमूटभर. ती काय काय पुजते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. मी माहितीपुस्तिका उघडून चालू करायचं बटण शोधत होतो. सापडलं तेव्हा मी ते तीनदा दाबलं, आणि त्यामुळे कॅमेरा साध्या चित्रणाऐवजी संथ गतीच्या चित्रणावर गेला, हे मला पुढे सात-आठ महिन्यांनी कळलं. दोन बॅटऱ्या संपेपर्यंत माय चालत होती. संध्याकाळी कॅमेरा चिखलानं भरला होता. डब्यावर 'पाण्यात चालतो' असं लिहिलेलं खरं आहे का ते पाहायला मी तो हापशीखाली धरून खसाखसा धुतला. चालला. मला फार अभिमान वाटला, जणू मीच तो तयार केला होता. चित्रण मी लॅपटॉपवर उतरवलं, न बघता एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि विसरलो.

दिवाळी झाली आणि मायच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजू लागला.

आधी वाटलं थंडी. मग वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाताला कंप आहे, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. उजवाच हात.  मायनं डाव्या हातानं चहा प्यायला सुरुवात केली आणि उजवा हात पदराखाली ठेवायची सवय लावून घेतली.

संक्रांतीला बहीण आली तेव्हा तिनं ते पाहिलं. चुलीपाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, यंदा मूठ कोन धरंन?"

हा प्रश्न साधा नव्हता. त्या टेकडीवर दुसरं काही चालत नाही. तांड्यावरच्या ज्या दोघी मूठ धरायच्या, त्या ऊसतोडीला जाऊ लागल्यापासून त्यांचा हात राहिला नाही. बहिणीनं स्वतः एका साली, मायला जाणं जमलं नव्हतं तेव्हा, धरून पाहिली होती. कोंब आले तेव्हा तिचा दीर बांधावर उभा राहून म्हणाला होता, "वयनी, अर्धं पेरलं अन् अर्धं पाखरायले ठेवलं का?" ती गोष्ट ती हसत सांगते, पण त्या साली तिच्या घरात काय काय आलं नाही हे मला माहीत आहे. पेरणी एकदाच होते. ती बिघडली की वर्ष गेलं.

"मायले विचार ना. ती शिकवंन," मी म्हटलं.

विचारलं. माय उठली, सुपात सोयाबीन घेतलं, मूठ भरली आणि म्हणाली, "अशी." मूठ थरथरली, दाणे सुपात पडण्याऐवजी आजूबाजूला उडाले. "अशी म्हंजे नाई. अशी." पुन्हा उडाले. बहीण म्हणाली, "पन किती सोडाचे, कव्हा सोडाचे?" माय उडालेले दाणे वेचू लागली. साठ वर्षं जे केलं ते तिला सांगता येत नव्हतं. ते तिच्याकडे शब्दांत कधी आलंच नव्हतं. ते फक्त हातात होतं, आणि आता हात ऐकत नव्हता.

तेव्हा मला तो फोल्डर आठवला. मी छाती फुगवून म्हटलं, "काही काळजी करू नको. सगळं रेकॉर्ड आहे. मी एडिटिंग करून देतो." एडिटिंग हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला.

मी भूगोल शिकवतो. मुलांना सांगतो की नकाशा काढताना कोणतं प्रमाण घ्यायचं ते आधी ठरवा. स्वतः मात्र आधी सॉफ्टवेअर शोधायला निघालो.

पहिलं मोबाईलमधलं फुकटचं अ‍ॅप. त्यात आपल्याला काही करावं लागत नाही म्हणे, तेच चांगले भाग निवडतं. मी सगळं चित्रण त्याच्यात घातलं आणि त्यानं अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बनवून दिला. ढोलाचं संगीत, बदाम उडताहेत, बैलाचं पुच्छ, आणि मग माझं तोंड. कॅमेरा चालू झाला का ते पाहायला मी मायच्या कपाळापाशी वाकलो होतो, ते त्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं होतं. माझ्या नाकपुड्या तीन वेळा आल्या, एकदा संथ गतीत.

"लय सुंदर," बायको म्हणाली. "याच्यात पेरनी कोठी हाय?"

शिवाय चित्राच्या वरच्या बाजूला एक तांबडा ठिपका होता. मोठ्या बोरासारखा, कडा धूसर झालेला, आरपार दिसणारा. म्हटलं, फुकटचं अ‍ॅप आहे, आपला शिक्का मारत असेल. काढून टाकलं.

दुसरं लॅपटॉपवरचं, मोठं. ते सिनेमावाले वापरतात असं इंटरनेटवरचा एक पोरगेलासा माणूस सांगत होता. उतरवून घ्यायला दोन दिवस लागले. उघडलं तर पडद्यावर इतकी बटणं की मला विमानात बसल्यासारखं झालं. लॅपटॉपचा पंखा मळणीयंत्रासारखा घोंगावू लागला. कॅमेऱ्यानं फाईल कुठल्याशा नव्या पद्धतीनं दाबून भरली होती. ती त्या सॉफ्टवेअरला अर्धीच उलगडायची. आवाज यायचा, चित्र काळं. मी तासभर काळा पडदा पाहत बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला, आणि त्यात मायचा बारीक हुंकार, पुन्हा पुन्हा, एका लयीत. फाईल बदलून घ्यायची युक्ती सापडली तेव्हा चित्र आलं. तांबडा ठिपका घेऊनच आलं. मी त्या सॉफ्टवेअरलाही नावं ठेवली. म्हटलं, एवढं सिनेमाचं म्हणवता आणि चित्राला डाग पाडता?

तिसऱ्यासाठी मी जवळच्या मालेगावला गेलो. तिथे बसस्टँडच्या मागे एका भाईंचा स्टुडिओ आहे. आम्ही बरोबरीचे. माझ्या लग्नाचे फोटो त्यांच्या वडिलांनी काढले होते, त्यात मी डोळे मिटलेला आहे, आणि भाई अजून मला त्यावरून चिडवतात.

"आइए सर. आज डोये उघडे दिसतेत."

त्यांनी चित्रण आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं. ते लग्नाचं एडिटिंग करतात, त्यामुळे त्यांच्याकडे फुलं पडणं, नवरानवरी चंद्रात जाणं, सासरे ढगातून आशीर्वाद देणं, हे सगळं तयार आहे. सवयीनं त्यांनी मायचा हात एका उमलत्या गुलाबात बसवून दाखवला. दोन मिनिटं आम्ही दोघंही त्याकडे पाहत राहिलो.

"भाई, हे नको."

"नको," तेही म्हणाले. "पन सर, ये लाल क्या है?"

"तुमच्याही सॉफ्टवेअरमध्ये येतो का?"

"मह्या सॉफ्टवेअरले कायले बोलता? ते चित्रातच हाय." त्यांनी तो डाग पुसायचा प्रयत्न केला. ठिपक्याच्या जागी शेजारची माती भरली, तर बैलाच्या पाठीवर माती उगवली. शेवटी ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "पहले ये बताओ, हे पाहनार कोन? लग्नाचं पाहनारे आपलं तोंड शोधतेत. हे कोन पाहनार, काय शोधनार?"

मी बहिणीचं सांगितलं. मायच्या हाताचंही सांगितलं. भाईंनी गुलाब पडद्यावरून काढून टाकला. मग म्हणाले, "फिर तो साफ दिसना मंगता. हे इतकं हालून राह्यलं की मले गाडी लागल्यासारखं होते. तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं सोताचं सॉफ्टवेअर असते. साधं हाय, फुलंबिलं नाईत त्याच्यात. पन ते थरथर काढून टाकते. माणूस धावला तरी चित्र जागेवर."

घरी येऊन मी हे बायकोला सांगत होतो. माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती, डाव्या हातानं.

"थरथर काढते म्हने ते?" तिनं विचारलं.

"हो. व्हिडिओतली."

"मंग मह्या हाताची काढते का, पाह्य ना." ती हसली. मीही हसलो, आणि मग पाणी प्यायला आत गेलो.

त्याच आठवड्यात शेजारची काकू मायला भेटायला आली. तिनं हाताकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मी त सांगो नाई, पन साठ वर्स काही झालं नाई हाताले. ह्यानं कॅमेरा लावला अन् हात गेला. नजर लागली मुठीले."

शिकलेला माणूस आहे मी. कंप कशानं येतो ते डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं होतं. तरी मी उठून दाराकडे निघालो, कारण हे माझं स्वतःशी एकदा नव्हे, चारदा म्हणून झालं होतं.

माय म्हणाली, "काय बोलतं व? कॅमेऱ्याची कायची नजर? म्या त्याच्या डोयातच कुंकू लावलं होतं."

मी दारातून वळलो. "कोठी लावलं होतं?"

"डोयात. तिफनीले लावलं, बैलायले लावलं, त्याले नाई लावाचं? तो बी औतच ना. त्याले कपाय नाई, नुसता डोया हाय. म्हून तठीच बोट टेकवलं. अन् बरंच झालं, नजर लावाची बिशाद नाई त्याची."

म्हणजे जो ठिपका मी तीन सॉफ्टवेअरांच्या माथी मारला होता, ज्याच्यापायी मी दोन काढून टाकली आणि भाईंना बैलाच्या पाठीवर माती उगवायला लावली, तो माझ्या मायच्या अनामिकेचा ठसा होता. काचेवर. मी स्वतः हापशीखाली धुऊन टाकेपर्यंत तो तिथे होता. बायकोनं तोंडाला पदर लावला. काकूला काही कळलं नाही, ती म्हणाली, "असं असंन त ठीक हाय."

कंपनीचं सॉफ्टवेअर मी उतरवलं. त्यात खरोखर फार काही नव्हतं. कापा, जोडा, हळू करा, थरथर काढा. बहीण उन्हाळ्यात चार दिवस माहेरी आली होती, तेव्हा एका दुपारी कूलर लावून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर आपणच येणार म्हणून मायनं पदर डोक्यावर घेतला. मी 'थरथर काढा' वर बोट ठेवलं.

पुढे जे दिसलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, तरी प्रयत्न करतो.

टेकडी जागेवर थांबली. इतके दिवस जे वावर डोळ्यांपुढे हिंदकळत होतं ते फोटोसारखं शांत झालं. बैल चालत होते, ढेकळं एकेक करून मागे जात होती. आणि माझ्या तीनदा बटण दाबण्याच्या मूर्खपणामुळे हे सगळं संथ गतीत होतं. चित्राच्या खालच्या कडेला मायचा हात होता. मूठ उघडत नव्हती. मला वाटायचं मूठ उघडते. अंगठा तर्जनीवरून सरकत होता आणि तीन-चार दाणे, फक्त तीन-चार, कडेवरून पुढे येत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागचा साठा धरून होती. सोयाबीनचा दाणा गोटीसारखा, माझ्या मुठीत तर तो ठरतच नाही. इथे दाणे हवेत दिसत होते, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, चाड्याकडे जाताना. वाटीत पडताना ते तीन बाजूंना जात होते. दर वेळी.  हा हात मी जन्मापासून पाहिला होता. त्यानं मला जेवू घातलं, कानाखाली वाजवली, शाळेत जाताना भांग पाडला. आणि मला याचा पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा कपाळावर होता, म्हणजे माय जिकडे पाहत होती तेच चित्रात मधोमध होतं. तिथे हात नव्हता, चाडंही नव्हतं. तिथे बैलांचे मागचे पाय होते. सबंध वेळ ती बैलांच्या खुरांकडे पाहत चालली होती.

"हे मीच व्हय का रे?" माय म्हणाली. तिचा उजवा हात पदराबाहेर आला होता आणि तिच्या मांडीवर थरथरत होता. टीव्हीतला हात स्थिर होता. ती एकदा इकडे पाहत होती, एकदा तिकडे.

बहीण मात्र हाताकडे पाहतच नव्हती. ती एकदम उठून टीव्हीच्या जवळ गेली. "भाऊ, थांबव. मांगं घे. आता सोड." पुन्हा मागे घ्यायला लावलं. "कुंकू पाह्य."

सगळं स्थिर झालं होतं, आणि कुंकवाचा ठिपका नाचत होता. तो काचेवर होता ना. सॉफ्टवेअरनं वावर थांबवलं, पण ठिपका त्याला थांबवता आला नाही. मायचं सगळं हलणं त्या ठिपक्यात गोळा झालं होतं. वर, खाली. वर, खाली. तिचं एकेक पाऊल त्यात दिसत होतं.

"खाली आला की दाना सुटते," बहीण म्हणाली.

आम्ही पाहिलं. ठिपका खाली, अंगठा सरकला. ठिपका वर, काही नाही. ठिपका खाली, अंगठा. तो काळ्या पडद्यातला हुंकारही तिथेच होता, अगदी त्याच क्षणी. पुढे चढ आला, बैल मंदावले, ठिपक्याची उडी लहान झाली, आणि दाणे तेवढेच कमी. मध्येच धोंडा आला आणि ठिपका थांबला. दाणेही थांबले. एकही जास्त पडला नाही. बैल पुन्हा निघाले, ठिपका हलला, हात हलला.

"माय, तू हातानं नाई पेरत व," बहीण म्हणाली. "तू पायानं पेरतं."

माय टीव्हीकडे पाहत होती. "मले काय मालूम," ती हळू म्हणाली. "मी त बैलाच्या मांगं चालत होती."

त्या चित्रणातली अकरा मिनिटं मी कापून ठेवली: एक सपाटीचं तास, एक चढाचं, एक धोंड्याचं, एक वळणाचं. भाईंनी फोनवर विचारलं, म्युझिक कोणतं लावू? म्हटलं, घुंगरू आहेत. डाग काढू का? म्हटलं, हात लावू नका. ते व्हिडिओ पाहायला मेडशीला आले, मायच्या पाया पडले आणि म्हणाले, "अम्मा, इतने साल कॅमेरा पकडा, मेरा हाथ इतना साफ नहीं चला." माय म्हणाली, "चहा घेऊन जा."

मग अंगणात सराव. तिफण कुठली आणायची, म्हणून बायकोनं बादलीच्या कडीला दोरी बांधली आणि बादली ओढत पुढे बैल म्हणून मी चाललो. मागून बहीण, ओटीत ज्वारी घेऊन. हाताचा विचार करायचा नाही, बैलाच्या पायाकडे पाहायचं, पाऊल पडलं की अंगठा. "बैल लंगडून राह्यला," बहीण म्हणायची. "वयानं लंगडते, चालव," बायको म्हणायची. माय ओसरीवरून ओरडायची, "पाय! पाय आयक!" बादलीबाहेर पडलेल्या दाण्यांवरून चूक मोजायची असं ठरलं होतं, पण कोंबड्या आमच्यामागे ओळीनं चालत आणि सगळा पुरावा खाऊन टाकत. चौथ्या दिवशी कोंबड्यांनी मागे येणं सोडलं. खाली काही पडतच नव्हतं.

पेरणीला आम्ही मानोऱ्याला गेलो. मायला टेकडीवर चढवलं नाही, ती खाली निंबाच्या सावलीत बसली. तिथून वावराचा अर्धाच भाग दिसतो. बहिणीनं मूठ धरली. मी बांधावर उभा होतो आणि मला काहीही कळत नव्हतं की बरं चाललंय की वाईट. दाणे मातीत गेले, मातीनं तोंड मिटलं. आता दहा दिवस.

अकराव्या दिवशी मी मायला घेऊन परत गेलो. बहीण बांधावर उभी होती, चेहरा असा की निकाल लागायचा आहे. तिला स्वतःला बघून काय कळायचं ते कळलं होतं, पण मायनं पाहिल्याशिवाय ते खरं नव्हतं. दीरही आला होता. मायला आम्ही दोघांनी धरून वर नेलं. कोंब वितीएवढे नव्हते, चार बोटं असतील, दोन-दोन पानं उघडलेली, टेकडीभर ओळी.

माय पहिल्या तासाशी वाकली आणि चालू लागली.

"अठी तू घाबरली होती," ती म्हणाली. दाटी होती थोडी. दहा पावलं पुढे, "आता उतरली भीती." पुढच्या तासात एक हातभर मोकळं. "अठी नवऱ्यानं हाक मारली, तू वर पाह्यलं." जावई खाली पाहू लागला. "अठी काटा रुतला. डाव्या पायात." बहिणीनं डाव्या टाचेवरची चिंधी माझ्याकडे फिरवून दाखवली. "अठी बैल मुतला. तू थांबली, पन अंगठा एक डाव जास्त सरकला, पाह्य, सात झाडं एका जागी."

मी मागून चालत होतो. निंबाखाली बसलेल्या बाईला यातलं काही दिसलेलं नव्हतं. ते सगळं उगवून आलं होतं आणि ती ते वाचत होती, न थांबता, न अडखळता. लॅपटॉप नाही, पंखा नाही, बटण नाही. मी चार महिने सॉफ्टवेअर शोधत होतो.

पाचव्या तासापासून तिचं बोलणं कमी झालं. सातव्या-आठव्याला बंद. ती नुसती चालत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून पुन्हा. चढाच्या तासात ती थांबली, वाकली, उजवा हात कोंबांवरून फिरवला. हात थरथरत होता आणि पानं त्याच्याखाली थरथरत होती. कोंबाकोंबात सारखं अंतर होतं.

दीर म्हणाला, "काही राह्यलं नाई पाखरायले."

मायनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती बहिणीला म्हणाली, "मंग आता पुढच्या सालापासून मले कायले बोलावतं?"

बहिणीचे डोळे भरले होते, पण जीभ आमच्या घरचीच.

"कुंकू लावाले," ती म्हणाली. "ते त भावाले जमत नाई. त्याले बटनच सापडत नाई."